वीस टक्क्यांचे 22 लाख 84 हजार

7 जानेवारी 2017, कोइंबतूर. इंजिनिअरिंगला असलेला वीस वर्षांचा मुलगा मोटारसायकलवरून महामार्गाने चालला होता. पुढे एक कार होती. कारवाल्याने मध्येच करकचून ब्रेक मारला. मागच्याला कसलीही खूण नाही, इशारा नाही. मोटारसायकल कारच्या मागच्या बाजूवर आदळली, मुलगा रस्त्यावर पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. डावा पाय कापावा लागला.

कारवाल्याचं म्हणणं असं की बायको गरोदर होती, तिला उलटीची भावना झाली, म्हणून गाडी थांबवली.

नुकसानभरपाईचा दावा झाला. मोटार अपघात दावा प्राधिकरण, मग मद्रास उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय असा प्रवास करत तो 29 जुलै 2025 ला संपला. न्या. सुधांशु धुलिया आणि न्या. अरविंद कुमार यांच्या पीठाने निकाल दिला. साडेआठ वर्षं गेली. तिन्ही न्यायालयांसमोर अपघात तोच, कागद तेच. तरी चुकीची वाटणी तिन्ही ठिकाणी वेगळी झाली, आणि म्हणूनच हे प्रकरण मला सविस्तर मांडावंसं वाटतं. अर्जदाराचं नाव मी लिहीत नाही. आपल्या विषयाला त्याची गरज नाही.

प्राधिकरणाने म्हटलं, अर्जदाराची चूक 20 टक्के, बसची 80, कारची काहीच नाही. उच्च न्यायालयाने कारला आत ओढलं : कार 40, बस 30, अर्जदार 30. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मांडणी केली : कार 50, बस 30, अर्जदार 20.

आता रुपये बघा. प्राधिकरणाने एकूण नुकसान 91,62,066 धरलं, 20 टक्के कापले, हातात 73,29,653. उच्च न्यायालयात तीच रक्कम 58,53,447 झाली. तिथे दोन्हीकडून कात्री लागली होती. उलट गणित केलं तर दिसतं की एकूण आकडाही सुमारे आठ लाखांनी खाली आला होता आणि वर कपातही 20 ऐवजी 30 टक्के झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने एकूण नुकसान 1,14,24,066 ठरवलं, 20 टक्के वजा केले आणि 91,39,253 रुपये द्यायला सांगितले, दावा दाखल केल्याच्या तारखेपासून साडेसात टक्के व्याजाने.

म्हणजे या मुलाच्या वीस टक्क्यांची किंमत 22,84,813 रुपये. उच्च न्यायालयाचे 30 टक्के कायम राहिले असते तर याच एकूण आकड्यावर आणखी 11 लाख 42 हजार गेले असते. पक्षकार आमच्याकडे येतात तेव्हा त्यांचं सगळं लक्ष पगाराच्या दाखल्याकडे आणि अपंगत्वाच्या सर्टिफिकेटकडे असतं. टक्क्यांचं भांडण त्यांना वकिली शब्दच्छल वाटतं. मोठ्या दाव्यात एकेक टक्का लाखाच्या पुढे जातो, हे आकडे पाटीवर लिहून दाखवल्याशिवाय कोणाला पटत नाही.

आमच्या कोर्टात याला सगळे 'कॉन्ट्रिब्युटरी' म्हणतात. मराठी निकालपत्रांत अंशदायी किंवा सहभागी निष्काळजीपणा असे शब्द दिसतात. तत्त्व सोपं आहे. जखमी माणसाच्या स्वतःच्या हयगयीचा त्याच्याच इजेत वाटा असेल, तर तेवढा वाटा भरपाईतून वजा. इंग्लंडमध्ये 1945 पर्यंत याहून कडक नियम होता. फिर्यादीची चूक सिद्ध झाली की दावाच बुडाला. त्या वर्षी कायदा करून त्यांनी प्रमाणशीर कपात आणली. आपल्याकडे तसा केंद्रीय कायदा झाला नाही, पण मोटार वाहन कायद्यात 'न्याय्य' भरपाई द्या असं म्हटलं आहे आणि त्या शब्दाच्या आधारे न्यायालयं प्रमाणशीर कपातच करत आली. अमेरिकेत मात्र मेरीलँड, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना अशा काही मोजक्या राज्यांत जुना नियम अजून चालतो. तिथे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी कोइंबतूरचा निकाल वाचून हायसं वाटून घेऊ नये.

'कॉन्ट्रिब्युटरी'चा जुळा भाऊ म्हणजे 'कंपोझिट'. दोन वाहनं एकमेकांच्या चुकीने धडकली आणि तिसरा, ज्याची काहीच चूक नाही, तो जखमी झाला, तर तो पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये हे स्वच्छ शब्दांत सांगितलं. आपापसात कोणी किती सोसायचं ते त्या दोघांनी बघावं. कोइंबतूरच्या प्रकरणात दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. कार आणि बस यांच्यापुरता मामला कंपोझिट, अर्जदारापुरता कॉन्ट्रिब्युटरी. आणि इथेच एक गंमत आहे. कार 0 आणि बस 80, की कार 50 आणि बस 30, याने अर्जदाराच्या हातात येणाऱ्या रकमेत एका पैचाही फरक पडत नव्हता. शेवटच्या हिशोबात कारच्या वाट्याला 57,12,033 येतात, बसच्या वाट्याला 34,27,220, पण ती खरी विमा कंपन्यांची आपसातली वाटणी. अर्जदाराला जपायचा होता तो फक्त स्वतःचा आकडा. उच्च न्यायालयात नेमकं उलटं झालं. कारसारखा मोठा भागीदार चुकीत सामील झाला, तेव्हा इतरांचे वाटे कमी व्हायला हवेत असं कोणालाही वाटेल. बसचा 80 वरून 30 वर आलाही. अर्जदाराचा मात्र 20 वरून 30 झाला.

आता चुकीच्या मुळाशी जाऊ. अपघात जानेवारी 2017 चा, तेव्हा रस्त्यावर वागण्याचे 1989 चे विनियम लागू होते. त्यातले 23 आणि 24 हे दोन विनियम शेजारी शेजारी आहेत. 23 वा मागच्याला सांगतो : पुढची गाडी एकाएकी हळू झाली किंवा थांबली तरी धडक होणार नाही इतकं अंतर ठेव. 24 वा पुढच्याला सांगतो : सुरक्षिततेसाठी गरज असल्याशिवाय अचानक ब्रेक मारू नकोस. (त्याच वर्षी जूनमध्ये नवे विनियम आले, पण ही दोन्ही बंधनं टिकून आहेत.) मागून धडक बसलेला प्रत्येक दावा या दोन ओळींच्या मधल्या फटीत लढला जातो. विमा कंपनीचे वकील 23 वाचतात, आम्ही 24 वाचतो.

23 चं वजन किती पडू शकतं ते एप्रिल 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात दिसतं. पुढे ट्रक, मागे मारुती कार. ट्रकने एकाएकी ब्रेक मारला, कार मागून घुसली. साक्षीत आलं होतं की दोघांमध्ये दहा ते पंधरा फुटांचं अंतर होतं. न्यायालयाने म्हटलं, हे सुरक्षित अंतर नव्हेच, दोष मारुती चालवणाऱ्याचा. ट्रकचालकाला निष्काळजी ठरवायला न्यायालयाने नकार दिला.

दहा-पंधरा फूट म्हणजे किती, हे जरा मोजून बघावं. ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरहून थोडं जास्त. पुढचा लाल दिवा डोळ्यांनी टिपल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. तेवढ्यात गाडी पन्नासहून जास्त फूट पुढे गेलेली असते, आणि ब्रेक तेव्हा कुठे लागायला सुरुवात होते. पुढची गाडीही जागच्या जागी थांबत नाही, हे खरं, म्हणून प्रत्येक वेळी धडक होतेच असं नाही. पण पंधरा फूट म्हणजे साठच्या वेगाला पाव सेकंदाहून किंचित जास्त. तेवढ्यात माणसाची पापणी लवते, पाय उचलत नाही.

आणि साक्षीदार नेमका हाच आकडा सांगतात. उलटतपास असा चालतो :

"पुढची गाडी तुमच्यापासून किती लांब होती?"

"असेल दहा-बारा फूट."

"आणि तुमचा वेग?"

"पन्नास-साठ. जास्त नव्हता साहेब."

वकील साहेब खाली बसतात. त्यांचं काम झालेलं असतं. साक्षीदाराला वाटतं वेग कमी सांगितला म्हणजे आपण सुटलो. अंतराने आपला गळा धरलाय हे त्याच्या गावीही नसतं.

मग 2018 मध्ये ट्रकवाला सुटला आणि 2025 मध्ये कारवाल्याच्या माथी 50 टक्के आले, हे कसं? माझ्या मते दोन्ही निकालांत भांडण नाही. कोइंबतूरच्या प्रकरणात न्यायालयाने घटनांची साखळी पहिल्या कडीपासून वाचली. महामार्गावर वाहनं वेगातच असणार, हे गृहीतच आहे. तिथे ज्याला थांबायचंय त्याने मागच्यांना खूण करणं ही त्याची जबाबदारी. कारवाल्याने ती केली नाही, म्हणून मोटारसायकल आदळली. ती आदळली म्हणून मुलगा पडला, आणि पडला म्हणून बसच्या चाकाखाली आला. या साखळीत ब्रेक काढून टाका, बाकी काहीच उरत नाही. प्राधिकरणाने कारला शून्य दिलं ते मला तेव्हाही अनाकलनीय वाटलं असतं.

गरोदर बायकोच्या खुलाशाबद्दल न्यायालयाचं मत असं, की कोणत्याही बाजूने पाहिलं तरी हे स्पष्टीकरण पटण्याजोगं नाही. काहींना हे कठोर वाटलं. घाटात, एस.टी.च्या प्रवासात किंवा भाड्याच्या गाडीत उलटी होत असलेलं माणूस शेजारी असणं म्हणजे काय, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. पण कारण सहानुभूतीचं आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता, 24 व्या विनियमातली 'सुरक्षिततेची गरज' यात बसते का. आडवी आलेली म्हैस बसते, रस्त्यात पडलेला माणूस बसतो. मळमळ इंडिकेटर दाखवून, आरशात बघून, कडेला घेऊन सोडवता येते. त्याला दहा-पंधरा सेकंद लागतात. तेवढे त्या बाईला काढता आले असते, आणि समजा नसते आले, तर गाडी घाण झाली असती. त्यापलीकडे काही नाही.

बसला 30 टक्के का, हे थोडक्यात. बसचालकही कोणाच्या तरी मागे होता, त्यालाही 23 वा विनियम लागू होता. अवजड वाहन चालवणाऱ्याने पुढच्या दुचाकीपासून जास्तच अंतर ठेवायला हवं. तो तिसरा होता म्हणून सुटत नाही, पण पहिलाही नव्हता.

आता अर्जदाराचे 20 टक्के. न्यायालयाने दोन कारणं दिली : पुढच्या कारपासून पुरेसं अंतर ठेवलं नाही, आणि वैध लायसन्स नसताना मोटारसायकल चालवली.

पहिल्याबद्दल वाद नाही. दुसऱ्यापाशी मी अडतो.

लायसन्स नसणं हा गुन्हा आहे, दंड आहे, मान्य. पण त्यामुळे मुलगा कारवर आदळला का? सर्वोच्च न्यायालयाचाच 2008 चा निकाल सांगतो की लायसन्स नसणं म्हणजे आपोआप सहभागी निष्काळजीपणा नव्हे. तिथे एक अल्पवयीन मुलगा दुचाकी चालवत होता, मिनी ट्रकने धडक दिली. न्यायालयाने म्हटलं, कायदा मोडल्याचे परिणाम त्याने वेगळे भोगावेत, पण अपघात ट्रकच्या हयगयीने झाला असेल तर भरपाई कापायचं कारण नाही. जानेवारी 2020 चा निकाल तर आणखी बोलका आहे. मोटारसायकलवर ट्रिपल सीट चाललेल्यांना कारने मागून ठोकलं, मागे बसलेला तरुण गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने ट्रिपल सीटबद्दल 10 टक्के कापले. सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली. तिघे बसल्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवा, मग कापा. नुसता नियम मोडला म्हणून नाही.

हा कार्यकारणाचा धागा फार महत्त्वाचा आहे, आणि जिल्हा पातळीवर तो रोज तुटतो. मांडीचं हाड मोडलंय आणि विमा कंपनीचे वकील विचारतात, हेल्मेट घातलं होतं का? डोक्याला मार असता तर प्रश्न रास्त होता. मांडीला हेल्मेट कोण बांधतं? पण तो प्रश्न साक्षीत नोंदवला जातो, 'नव्हतं' असं उत्तर येतं, आणि युक्तिवादात तेच 'अर्जदार स्वतः बेजबाबदार होता' असं होऊन पुढे येतं. कोइंबतूरच्या निकालात लायसन्सचा उल्लेख अंतराच्या जोडीला आला, एकटा नाही, आणि 20 टक्क्यांपैकी किती कशाचे याची फोड नाही. म्हणून उद्या कोणी हा निकाल दाखवून 'लायसन्स नाही, कापा वीस टक्के' म्हणालं, तर 2008 आणि 2020 चे निकाल समोर ठेवून विरोध करता येतो, करायला हवा.

लायसन्स नसण्याचा फटका मात्र दुसऱ्या दाराने बसतो, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. कॉन्ट्रिब्युटरीत कापलेला वाटा कोणाकडूनच मिळत नाही. समोरच्याचा विमा तो देत नाही, आणि आपल्या गाडीचा थर्ड पार्टी विमा आपल्यासाठी नसतोच. आपल्यासाठी असतो तो मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. 2017 साली दुचाकीला तो 1 लाखाचा होता, 2018 च्या अखेरीपासून किमान 15 लाखांचा झाला. एक पाय गमावला तर त्यातला निम्मा मिळतो. पण त्याची अटच आहे की गाडी मालक चालवत होता आणि त्याच्याकडे लायसन्स होतं. लायसन्स नसेल तर तोही दरवाजा बंद.

टक्के ठरतात कसे, याला सूत्र नाही. भरपाईच्या बाकी भागाला आता बऱ्यापैकी सूत्र आहे. 2009 च्या निकालाने वयाप्रमाणे गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला गुणायचा आकडा, ठरवून दिला, वीस वर्षांच्या तरुणाला 18. 2017 च्या निकालाने चाळिशीच्या आतल्या, पक्की नोकरी नसलेल्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवायला सांगितलं. त्यामुळे दोन न्यायाधीशांची बेरीज साधारण जुळते. चुकीच्या वाटणीत मात्र 10, 20, 25, 30, 50 असे गोल आकडेच येतात. 17 टक्के निष्काळजी मी अजून पाहिलेला नाही. हा नजरेचा अंदाज आहे, आणि अंदाज असल्यामुळेच तो पुराव्याने हलतो. अर्जदाराची चूक होती हे सिद्ध करायचं ओझं तसं म्हणणाऱ्यावर, म्हणजे बहुधा विमा कंपनीवर असतं. केरळमधल्या एका प्रकरणात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अपघातानंतर वाहनं कुठे पडली होती, एवढ्या पंचनाम्यावरून मृताची चूक गृहीत धरता येणार नाही, त्याला प्रत्यक्ष पुरावा हवा.

पंचनामा म्हणाल तर त्यात बहुतेकदा वाहनांच्या दिशा असतात, रस्त्याची रुंदी असते, काचेचे तुकडे आणि रक्ताचे डाग असतात. ब्रेकच्या खुणांची लांबी क्वचित असते. दोन गाड्यांमध्ये धडकेआधी किती अंतर होतं, हे तर कुठल्याच पंचनाम्यात असू शकत नाही, कारण पंच तेव्हा तिथे नसतात. फिर्यादीत ठरलेलं वाक्य असतं : 'भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने'. त्यातून अंतर निघत नाही. ते फक्त माणसाच्या तोंडून निघतं, आणि आपल्या माणसांना फुटांत बोलायची सवय नाही. 'दहा-बारा फूट' हे आपल्याकडे माप नाही, 'थोडंसं' म्हणायची ती रीत आहे.

म्हणून अलीकडे मी पक्षकाराला आकडा विचारतच नाही. मागच्या महिन्यात महामार्गावर मागून धडक झालेले एक काका आले होते, पायात रॉड, हातात काठी. त्यांना ऑफिसच्या दारात आणलं आणि म्हटलं, काका, तुम्ही इथे आहात असं धरा, पुढचा टेम्पो कुठे होता ते दाखवा. त्यांनी काठी उचलून रस्त्यापलीकडची चहाची टपरी दाखवली. मी जाऊन मोजलं, चौतीस पावलं भरली. परत येऊन विचारलं, मग हे अंतर किती म्हणायचं? काकांनी टपरीकडे पुन्हा एकदा नीट बघितलं आणि म्हणाले, "असेल दहा-बारा फूट."